हत्यार घेणार, पण ठेवणार कुठं?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पहिल्यांदा रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल घ्यायला दुकानात येणारा माणूस काय बघतो आणि त्याचं काय बघायचं राहून जातं, याविषयी आज थोडं बोलायचं आहे. सांगलीतल्या एका बंदुकीच्या दुकानात मी एकतीस वर्षं काउंटरमागं काढली. सांगली-मिरजेबरोबर तासगाव, विटा, कराड, पाटण, पार साताऱ्यापासूनची गिऱ्हाइकं आमच्याकडं येत. मी नोकरीला लागलो तेव्हा बारा बोअरची बंदूक मागणारे जास्त होते. गवा आणि रानडुक्कर शेतात शिरतात म्हणून शिराळा-पाटणकडचा शेतकरी पीक संरक्षणाचा परवाना घेऊन यायचा. पुढं पुढं कमरेला लावायचं हत्यार मागणारे वाढले.

पहिल्यांदा येणारा माणूस लगेच ओळखू येतो, कारण तो एकटा येत नाही. सोबत दोघं-तिघं असतात आणि त्यांतल्या एकाकडं आधीपासून हत्यार असतं. बोलतो तोच. ‘‘मालक, दादांना जरा चांगलं काहीतरी दाखवा की.’’ दादा गप्प असतात. ही मंडळी खरसुंडीच्या यात्रेत खिलार खोंड घ्यायला गेली, तर दात बघतील, खूर बघतील, चार पावलं चालवून बघतील आणि मगच हातरुमालाखाली बोटं धरून भाव करतील. इथं मात्र काळा रंग किती चमकतो ते बघतात, कमरेला लावून आरशासमोर उभे राहतात आणि म्हणतात, ‘‘चांगलं दिसतंय.’’

वस्तू हातात दिली की दहांतल्या नऊ जणांचं बोट आपोआप चापावर जातं आणि नळी समोरच्याच्या पोटाकडं वळते. समोर बहुतेक वेळा मीच असायचो. देण्याआधी ते उघडून, रिकामं असल्याची खात्री आम्ही करायचो आणि गिऱ्हाइकालाही दाखवायचो. तरी मी नळीवर हात ठेवून ती भिंतीकडं वळवायचो आणि म्हणायचो, ‘‘बोट बाहेर, आण्णा.’’ काहींना त्याचा राग यायचा.

याला अपवाद फौजेतून परतलेल्या माणसांचा. सातारा जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरीसारखी गावं आहेत. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जवान कामी आले. अशा गावांकडचा निवृत्त जवान बँकेच्या पहाऱ्याची नोकरी लागली की बारा बोअर घ्यायला यायचा. बंदूक हातात घेतली की आधी उघडायचा, नळीतून उजेडाकडं बघायचा, बंद करायचा, खांद्याला लावायचा. बोट चापाच्या कडीबाहेर. तोंडातून एक शब्द नाही. पाच मिनिटांत पसंत किंवा नापसंत. त्या पाच मिनिटांत जे व्हायचं, ते बाकीच्यांना तासभर सांगूनही जमत नसे.

आता निवड कशातून करायची हे बघू. अमेरिकेत परवानाधारक दुकानदाराकडून पिस्तूल घ्यायला वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात. एक अर्ज भरायचा, दुकानदार सरकारी यंत्रणेकडं चौकशी करतो आणि अनेक राज्यांत माणूस त्याच दिवशी पिस्तूल घेऊन घरी जातो. तिथं काउंटरवर शेकडो प्रकार मांडलेले असतात, म्हणून कुठलं घ्यावं हा मोठाच प्रश्न. आपल्याकडंही वयाची अट २१चीच आहे, बाकी सगळं उलटं. आधी जिल्हाधिकाऱ्यांकडं अर्ज. मग तो पोलीस ठाण्यात, चौकशी, अधीक्षकांचा अहवाल, कारण पटलं तर परवाना. यात महिने जातात, वर्षही जातं. कोणत्या प्रकारचं हत्यार हवं ते अर्जातच लिहायचं असतं आणि परवान्यावर तेच उतरतं. म्हणजे निवड दुकानात यायच्या आधीच होऊन बसलेली. मित्राच्या कमरेला रिव्हॉल्व्हर पाहिलं म्हणून अर्जात रिव्हॉल्व्हर, इतका साधा तो हिशोब असतो.

दुकानात आल्यावर दुसरा धक्का. सिनेमात दिसतं ते नऊ मिलिमीटरचं पिस्तूल सामान्य परवान्यावर मिळत नाही. ते प्रतिबंधित बोअर. .३८चं रिव्हॉल्व्हरही तसंच. राहिलं मुख्यतः .३२. त्यात वर्षानुवर्षं दोनच नावं होती : कानपूरचं सरकारी कारखान्याचं सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर आणि कोलकात्याजवळ बनणारं ‘अशनी’ पिस्तूल. परदेशी हत्यारांची व्यापारी आयात १९८०च्या दशकाच्या मध्याला बंद झाली. त्याआधी आलेली वेब्ली अँड स्कॉटसारखी हत्यारं एका परवान्यावरून दुसऱ्या परवान्यावर फिरत राहिली आणि दरवेळी महाग होत गेली. इंग्लंडचं म्हणून लोक त्यासाठी नव्याच्या कितीतरी पट पैसे मोजायचे. आतली एखादी स्प्रिंग तुटली तर ती मिळायची कुठं, हे कोणी विचारायचं नाही.

अलीकडं चित्र थोडं बदललं आहे. २०१४ साली कानपूरहून ‘निर्भीक’ आलं. हलकं, अर्धा किलोचं, स्त्रियांसाठी म्हणून गाजावाजा झालेलं, किंमत सुमारे १ लाख २२ हजार रुपये. त्या किमतीत नोकरी करणारी कोणती बाई ते घेणार, हे कारखान्याला कोणी विचारलं की नाही कोण जाणे. २०२१मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या. त्यांतल्या कानपूरच्या कंपनीनं २०२३मध्ये ‘प्रबल’ काढलं आणि पन्नास मीटरपर्यंत मारा असल्याची जाहिरात केली. तो आकडा ऐकून लोक खूष होतात. मला विचाराल तर पहिल्यांदा हत्यार घेणाऱ्याला पन्नास मीटरचा काडीचा उपयोग नाही. स्वतःच्या जिवाला धोका असा प्रसंग आलाच, तर तो सोप्यापासून उंबऱ्याइतक्या अंतरावरच येणार. उसाच्या फडाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या माणसावर गोळी झाडली, तर तुम्ही स्वतःला वाचवत होता हे कोर्टाला पटवणं अवघड आहे.

मग बघायचं काय? पहिलं म्हणजे मूठ. पंजा लहान असेल तर बोट चापापर्यंत नीट पोचत नाही, मग माणूस मनगट वाकवतो आणि नेम बाजूला जातो. जाड पंजाच्या पैलवान गड्याच्या हातात छोटं पिस्तूल दिलं, तर करंगळी लोंबकळत राहते. दुसरं म्हणजे चाप. रिव्हॉल्व्हरचा घोडा आधी अंगठ्यानं मागं ओढला तर चाप हलका लागतो. न ओढता नुसता चाप दाबायचा, तर बोटाला चांगलंच बळ लागतं. साठीच्या पुढच्या व्यापाऱ्याला, संधिवात असलेल्या माणसाला ते जमत नाही. हे दुकानात, रिकाम्या हत्यारावर, दुकानदाराला विचारून बघता येतं. तीन-चार वेळा दाबायला लावलं की हात थरथरतोय का ते लगेच दिसतं. आणि तिसरं म्हणजे वजन. सातशे ग्रॅम म्हणजे काय? पाऊण किलो साखरेपेक्षा थोडं कमी. हातात काहीच वाटत नाही. पण तेच दिवसभर कमरेला लावून मोटारसायकल चालवा, पंगतीत मांडी घालून जेवा, म्हणजे कळेल. माझ्या बघण्यातल्या बहुतेकांनी महिन्याभरात ते कमरेला लावणं सोडलं आणि ते कपाटात गेलं.

रिव्हॉल्व्हर की पिस्तूल, यावर मित्रमंडळींचे वाद दुकानातच रंगायचे. पिस्तूल चपटं, शर्टाखाली लपतं, गोळ्या जास्त. पण मॅगझिन काढलं तरी एक गोळी नळीत राहिलेली असू शकते, हे नवख्याच्या ध्यानात येत नाही. घरात अपघात होतात ते ‘रिकामं आहे’ म्हणून हाताळलेल्या पिस्तुलानं. रिव्हॉल्व्हर उघडलं की सहा घरं डोळ्यांसमोर, भरलेलं की मोकळं ते पोरालाही कळतं. हत्यार रोज हाताळणार नाही अशा माणसाला मी रिव्हॉल्व्हरच सुचवायचो. आणि रोज हाताळणारा माणूस आमच्याकडं क्वचितच यायचा. सराव करायचा तर रेंज हवी, शेतात किंवा घाटात जाऊन गोळ्या झाडणं कायद्यात बसत नाही. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यानं तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि २०२४मध्ये पॅरिसला कांस्य मिळवणारा स्वप्निल कुसाळे असे नेमबाज दिले. त्यांच्या एका दिवसाच्या सरावात जितक्या गोळ्या लागत असतील, तितक्या आमच्या गिऱ्हाइकानं जन्मात झाडलेल्या नसतात.

या सगळ्यांत जास्त विचार करायला लावलेलं गिऱ्हाईक होतं खानापूर तालुक्यातलं. विटा, खानापूर, आटपाडीकडची माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पसरली आहेत हे तुम्हाला माहीत आहे. सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं काम. कुठं कोईमतूर, कुठं केरळ, कुठं पार उत्तरेत. जोखमीचा माल घेऊन फिरायचं, म्हणून अशा लोकांची परवान्याची मागणी अगदी खरी असते. हा तरुण गडी बायकोला घेऊन आला होता. सोबत मित्र नाही, हेच मला विशेष वाटलं. मी परवाना बघितला. परवान्यावर क्षेत्राचा एक रकाना असतो. पहिल्यांदा घेणारे तो वाचतच नाहीत. त्याच्या रकान्यात होतं, महाराष्ट्र राज्य.

मी म्हटलं, ‘‘दुकान कुठं आहे तुमचं?’’

‘‘तमिळनाडूत.’’

‘‘मग हे तिकडं नेता येणार नाही. तिकडचं क्षेत्र परवान्यावर चढवून घ्यावं लागेल, आणि ते सोपं नाही.’’

तो गप्प झाला. बायकोनं विचारलं, ‘‘अहो, मग हे घरी कुणाजवळ राहायचं? मामंजींजवळ?’’

तिनं अगदी नेमकी गोष्ट विचारली होती. परवाना त्या माणसाच्या नावाचा असतो, घराचा नसतो. मामंजींनी ते उचललं तरी कायद्यानं तो गुन्हाच. ज्या प्रवासासाठी हवं तिथं नेता येत नाही, आणि जिथं ठेवता येतं तिथं ज्याच्या नावावर आहे तोच नाही. त्यानं तरीही रिव्हॉल्व्हर घेतलं. इतके दिवस खेपा घातल्या होत्या, मोकळ्या हातानं जाणं त्याला जमेना. कायद्यानं हत्यार परवानाधारक दुकानदाराकडं जमा ठेवता येतं. तो तिकडं निघाला की आमच्याकडं पावती करून ठेवून जायचा, गावच्या जत्रेला आला की घेऊन जायचा. वर्षातले अकरा महिने ते आमच्या तिजोरीत. चार वर्षांनी रीतसर परवानगी काढून त्यानं ते एका बागायतदाराला विकलं.

तेव्हापासून मी प्रत्येकाला एक प्रश्न विचारायला लागलो. ठेवणार कुठं? उत्तरं ऐकण्यासारखी असत. गादीखाली. धान्याच्या कणगीत. देव्हाऱ्यामागं. गाडीच्या डॅशबोर्डात. ‘‘घरात लहान पोरं आहेत का?’’ असं विचारलं की चेहरा बदलायचा. लोखंडी तिजोरी, तिची किल्ली स्वतःजवळ आणि काडतुसं वेगळ्या कप्प्यात, एवढी सोय नसेल तर आठ दिवसांनी या, असं मी सांगायचो. आमचे मालक कुरकुरायचे. गिऱ्हाईक गेलं तर परत येत नाही, हे त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं.

हत्यार विकलं की दुकानदाराचा संबंध संपत नाही. घेतलेलं हत्यार परवाना देणाऱ्या कार्यालयात दाखवून त्याचा नंबर परवान्यावर चढवून घ्यावा लागतो. नूतनीकरणाच्या आधी बरेच जण साफसफाईला आणतात. आता परवाना पाच वर्षांचा असतो, पूर्वी तीन वर्षांचा होता. तेव्हा कळतं कोणी ते कसं ठेवलं. चामड्याच्या म्यानात घालून ठेवलेलं ओळखू येतं, कारण चामडं ओल धरतं. महाबळेश्वर-पाचगणीकडची, कोयनेकडची हत्यारं पावसाळ्यानंतर तांबूस व्हायची. खंडेनवमी झाली की आणखी एक प्रकार. पूजेत मांडलेल्या रिव्हॉल्व्हरवर हळद-कुंकू वाहिलेलं, ते ओलं तसंच ठेवलेलं, आणि नळीवर त्याचे डाग उमटलेले. श्रद्धेबद्दल काही म्हणणं नाही. पूजा झाली की कोरड्या फडक्यानं पुसून तेलाचा हात फिरवावा, एवढंच.

निवडणूक जाहीर झाली की पोलिसांकडून हत्यारं जमा करण्याच्या नोटिसा निघतात. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत ग्रामपंचायतीपासून साखर कारखान्यापर्यंत निवडणुकांना तोटा नाही, त्यामुळं काहींची हत्यारं स्वतःच्या घरापेक्षा सरकारी कोठडीतच जास्त राहतात. ज्याला हत्यार मिरवण्यासाठी हवं असतं त्याला नेमक्या त्याच दिवसांत हवं असतं. वरातीत हवेत बार काढणाऱ्यांसाठी २०१९च्या दुरुस्तीनं वेगळं कलम आलं. दोन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच दुरुस्तीनं एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवण्याची मर्यादा घातली. आजोबांची बंदूक, वडिलांचं रिव्हॉल्व्हर आणि स्वतःचं पिस्तूल असा संसार असलेल्यांची तेव्हा धांदल उडाली.

परवाना मिळत नाही म्हणून कट्टा घेणारेही आहेत, पण त्यांना निवडीचा प्रश्नच नसतो. जे हाती पडेल ते. विनापरवाना नुसतं जवळ सापडलं तरी शिक्षा आहे, आणि असला माल पहिल्याच बाराला हातात फुटू शकतो. त्यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

जुन्या माणसांशी बोलताना एक वेगळी बाजूही ऐकायला मिळायची. इंग्रजांनी १८७८च्या कायद्यानं लोकांच्या हातची हत्यारं काढून घेतली, याचा राग आपल्या भागात फार खोल होता. सांगली आणि सातारा हा १९४९पर्यंत बराचसा एकच जिल्हा. क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार इथलंच, आणि कुंडलच्या तुफान सेनेला हत्यारं मिळवताना काय यातायात पडली याच्या गोष्टी आमच्या लहानपणी घरोघरी सांगितल्या जात. १९३१च्या कराची काँग्रेसच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कसुद्धा होता. स्वातंत्र्यानंतर १९५९चा कायदा आला आणि त्यात हक्क राहिला नाही, परवाना राहिला. एक ऐंशीच्या घरातले आबा मला म्हणाले होते, ‘‘आमी हत्यार घेतलं ते साहेबाला घालवायला. ही पोरं कुणाला घालवायला घेत्यात?’’ मी काही उत्तर दिलं नाही. गिऱ्हाईक समोर उभं होतं.

वारसाचं मात्र सांगायला हवं, कारण ते कोणीच आधी विचारत नाही. परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा त्यानं पंचवीस वर्षं हत्यार बाळगलं, तर हयातीतच वारसाच्या नावे परवाना मागता येतो. ते राहून गेलं आणि माणूस वारला, तर घरच्यांनी ताबडतोब पोलिसांना कळवून ते ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करायचं असतं. लोक दिवस उरकेपर्यंत थांबतात, मग महिनाभर, मग वर्षभर.

मिरज तालुक्यातल्या एका सूनबाई तेराव्यानंतर दोन दिवसांनी आल्या. सासरे गेले होते. नवरा पुण्याला नोकरीला, तो कामावर परतलेला. कापडी पिशवीत फडक्यात गुंडाळून सासऱ्यांचं रिव्हॉल्व्हर आणलं होतं, एसटीनं, मांडीवर पिशवी घेऊन. सोबत परवान्याचं पुस्तक. हत्यार आमच्याच दुकानातून गेलेलं, चौदा वर्षांपूर्वी. मी नळी भिंतीकडं करून उघडलं. सहाच्या सहा घरं भरलेली. पितळावर हिरवा थर चढलेला.

काडतुसं काढून मी एकेक काउंटरवर उभी केली. त्या बघत राहिल्या.

‘‘हे भरलेलंच होतं?’’

‘‘होय.’’

‘‘मामंजींच्या उशाखाली असायचं. दोन्ही पोरं त्यांच्यापाशीच झोपायची.’’

मी त्यांना पाणी दिलं, पावती लिहिली, पोलीस ठाण्यात कुणाला भेटायचं, अर्ज कसा लिहायचा ते सांगितलं. मृत्यूचा दाखला मिळाला की त्याची प्रत आणायला सांगितली. ती त्यांनी आठवड्यानं आणून दिली. मुलानं परवाना मागितला नाही, पुढच्या वर्षी ते रिव्हॉल्व्हर सरकारजमा करायला दिलं.